न विचारलेला दोष
जुनी मोटार विकतांना गिऱ्हाइकानें न विचारलेला दोष सांगावा काय? आमच्या मोटारीचा टायमिंग बेल्ट मुदत उलटूनही बदललेला नव्हता. हा दांतेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टच्या 2 फेऱ्यांस कॅमशाफ्टची 1 फेरी जुळवितो. तो झांकणाआड असतो व बहुधा सूचना न देतां तुटतो. तुटल्यास आमच्या मोटारीच्या एंजिनांत पिस्टन उघड्या व्हाल्व्हांवर आदळतात.

गिऱ्हाइकानें रंग पाहिला, टायर पाहिले. पट्ट्याविषयीं विचारलें नाहीं. मौन म्हणजे असत्य नव्हे, असें आम्हीं मनास समजाविलें. परंतु ज्यास प्रश्नच सुचत नाहीं, त्याच्या अज्ञानावर नफा मिळविणें ही फसवणूकच होय. म्हणून दोष सांगितला, आणि पट्टा, टेन्शनर व त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप स्वखर्चानें बदलूनच मोटार दिली. तें औदार्य नव्हे. आमच्याच आळसाचें देणें होतें.