परक्या सोबतीची मुदत

विफल प्रेमिकाने मद्याच्या प्याल्यात स्वतःला बुडवून घ्यावे आणि प्रेक्षकांनी त्या आत्मनाशालाच थोरवी मानावी, ही १९३५ सालच्या ‘देवदास’ने रुजवलेली वृत्ती व्ही. शांताराम यांना मानवली नव्हती. आणि १९३९ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओत त्यांनी ‘माणूस’ काढला तो बव्हंशी त्या वृत्तीला दिलेले उत्तर म्हणून, हे सर्वश्रुत आहे. तथापि पतितेच्या उद्धाराची कथा एवढेच या चित्रपटाचे वर्णन करून थांबण्याची आपल्या रसिकांना जडलेली सवय मला पटत नाही. जुगाराच्या अड्ड्यावर पडलेल्या धाडीत गणपत शिपाई मैनेला पकडण्याऐवजी वाचवतो, आणि तेथून पुढे सरकारी गणवेशातला तो भोळा माणूस व बाजारात बसलेली ती स्त्री यांच्यात जे काही निर्माण होते, त्याला प्रीती म्हणण्यापूर्वी मैत्री म्हणावे लागते. कारण दोघांनाही प्रथम हवे असते ते आपले दिवसभराचे बोलणे ऐकून घेणारे कोणीतरी. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी हे नाते थट्टामस्करीत, चहाच्या दुकानाच्या आसपास, राम मराठ्यांनी रंगविलेल्या मन्या नावाच्या पोऱ्याच्या साक्षीने इतके सहज फुलवले आहे, की बॉम्बे टॉकीजच्या गोडगुलाबी प्रेमगीतांचे त्या चित्रपटातील विडंबनही मग केवळ खोडसाळपणा राहत नाही.

ही मैत्री टिकली नाही. गणपत मैनेला आपल्या सश्रद्ध आईपुढे नेतो, परंतु स्वतःच्या पूर्वायुष्याचे ओझे तिला त्या घरात ठरू देत नाही. पुढे मैनेच्या हातून तिच्या मामाचा खून, तुरुंग, आणि गणपतने पुढे केलेली सुटकेची वाट तिने नाकारणे, असा तो क्रम आहे. दोष कोणाच्या अंतःकरणाचा नव्हता. तिचे जग व त्याचे जग यांच्या मधोमध, दोघांनाही परके नसलेले असे एखादे ठिकाण त्या शहरात नव्हते, आणि ते हुडकण्याइतकी उसंतही दैवाने त्यांना दिली नाही.

अशा मैत्रीला सद्भावापेक्षा जागा आणि मुदत यांची गरज अधिक असते, हे माझे म्हणणे तीस वर्षांनंतरच्या एका अमेरिकन चित्रपटाने अधिकच दृढ केले. जॉन श्लेसिंजर यांच्या ‘मिडनाइट काउबॉय’मध्ये (१९६९) टेक्सासमधून न्यूयॉर्कला आलेल्या जो बक या तरुणाला लंगडा रिझो पहिल्याच भेटीत वीस डॉलरना गंडा घालतो. मैत्रीचा आरंभ याहून अशुभ कसा असावा! परंतु पाडण्यासाठी मोकळी करून ठेवलेल्या एका इमारतीत ते दोघे ऊब नसलेला हिवाळा एकत्र काढतात, आणि वसंत यायच्या आतच त्या भामट्याला मायामीच्या उन्हात पोहोचवणे हे जोच्या आयुष्याचे एकमेव काम होऊन बसते. त्यांना जोडले कोणी? सद्गुणांनी खचित नव्हे. थंडीने, भुकेने आणि एका मोडक्या खोलीने जोडले.

हे सारे चिखलीच्या संदर्भात सांगण्याचे कारण आहे. प्रभातने १९३६ साली ज्या तुकोबांचे चरित्र पडद्यावर आणले त्यांच्या देहूजवळचे हे इंद्रायणीकाठचे गाव ‘टाळगाव’ म्हणून वारकऱ्यांना परिचित. परंतु १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, आणि भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांच्या मनुष्यबळाला निवारा देणे हे त्याचे नवे प्राक्तन ठरले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला चाकरमानी येई तो गावकीच्या गाळ्यात. खानावळीत, भजनी मंडळात त्याला आपलीच माणसे भेटत, त्यामुळे तो एकाकी क्वचितच राही, पण परक्याशी मैत्री करण्याची निकडही त्याला क्वचितच पडे. चिखलीच्या खोल्यांत चित्र निराळे दिसते. परभणीचा आयटीआय झालेला मुलगा आणि बिहारमधून आलेला वेल्डर एका खोलीत ‘पार्टनर’ म्हणून येतात, भाडे व मेसचे पैसे वाटून घेतात आणि पाळ्या उलटसुलट लागल्या म्हणजे एकाच गादीवर आळीपाळीने झोपतात. अकल्पित मैत्रीला याहून सुपीक भूमी गिरणगावातही नव्हती, असे मी म्हणेन.

परंतु ती मैत्री मुरायला वेळ कोठे आहे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस व नुकसानभरपाई दिल्याशिवाय कमी करता येऊ नये असे संरक्षण दिले. आणि कामगाराच्या हितासाठी घातलेली ती मर्यादाच, तिच्या अलीकडे सहा-सात महिन्यांवर ‘ब्रेक’ देऊन नवी भरती करण्याच्या प्रघाताला निमित्त झाली. ब्रेक लागला की हजेरीपटावरून नाव जाते, खोलीचे भाडे झेपेनासे होते, पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे वा परत गावी जातो, आणि त्याच्या गादीवर नवा अनोळखी येतो. माणसे स्वभावाने कोरडी झाली आहेत, मोबाइलमध्ये बुडाली आहेत, अशी जी प्रवचने या तरुणांना ऐकवली जातात, ती देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. सात महिन्यांत तुटणार हे आधीच ठाऊक असलेल्या नात्यात कोणता सुज्ञ मनुष्य जीव गुंतवील?

जागेची कथा याहून बिकट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड आणि लहान कारखाने, अशी हजारो बांधकामे महापालिकेने अनधिकृत म्हणून जमीनदोस्त केली. तेथील वारंवार लागणाऱ्या आगी व प्रदूषण पाहता कारवाईला आधारच नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु अशा शेडच्या आडोशाला, कामाच्याच जागी, पाठ टेकणाऱ्या मजुराचे नाव ना मालकीच्या दफ्तरात असते ना भाडेकराराच्या. तेव्हा बांधकाम पडले की त्याचा आणि त्याच्या सोबत्याचा ठावठिकाणा एकाच दिवशी नाहीसा होतो, आणि त्याबद्दल जाब विचारायला कोणतेही दार त्याच्यासाठी उघडे राहत नाही.

कुदळवाडीच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे काय उभे राहावे याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याकडे म्हणून एकच मागणे आहे. रस्ते आणि औद्योगिक गाळे आखताना कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांना काही जमीन राखून ठेवावी, त्या खोल्यांचा करार कामगाराच्या स्वतःच्या नावे, ठेकेदाराला मध्ये न घालता, किमान दोन वर्षांचा असावा, आणि कामाला ब्रेक लागला म्हणून त्या मुदतीत कोणाला खोली सोडावी लागू नये.