मनाला लागणारा वेळ

इ.स. १७९६. लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेतून डेव्हिड किनब्रूक या मदतनिसाला काढून टाकण्यात आले. कारण एकच : त्यांच्या नोंदी आठ दशांश सेकंदाने मागे पडत होत्या.

ताऱ्यांचे वेध तेव्हा डोळा आणि कान जुळवून घेत. दुर्बिणीत बारीक उभे धागे ताणलेले असत. सरकत जाणारा तारा धागा ओलांडतो तो क्षण घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये नेमका कुठे पडला, हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने टिपायचे. राजखगोलज्ञ नेव्हिल मास्केलिन आणि किनब्रूक यांच्या नोंदींत आधी अर्ध्या सेकंदाचा फरक दिसला. ताकीद मिळाल्यावरही तो वाढतच गेला. बाब क्षुल्लक नव्हती. आठ दशांश सेकंदात विषुववृत्तावरची जमीन सुमारे ३७० मीटर सरकते, आणि दर्यावर्दी आपले रेखांश ग्रीनिचच्या आकड्यांवरून काढत. मदतनिसाने स्वतःचीच काही चुकीची रीत धरली असावी, असे ठरवून मास्केलिन यांनी तो प्रकार वेधशाळेच्या छापील नोंदींत लिहून ठेवला.

मानसशास्त्राचा जन्म कधीचा आणि कुठला, असे विचारले की आपण १८७९ आणि विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेचे लायप्झिग ही उत्तरे देतो. ती बरोबरच आहेत. पण या शास्त्राचे बीज मला मास्केलिन यांच्या त्या नोंदीत दिसते. ते रुजले दुसऱ्याच गावात, प्रशियातल्या कोनिग्सबर्गला. आज ते रशियातले कालिनिनग्राद आहे.

याच गावात बसून इमॅन्युएल कांट यांनी १७८६ मध्ये बजावले होते की, मनाचा अभ्यास हे खऱ्या अर्थाने विज्ञान होऊ शकणार नाही, कारण मनातल्या घडामोडींना गणित लावता येत नाही. त्यांचा आक्षेप वजनदार होता. जे मोजता येत नाही, त्याचे नियम कसे बांधायचे?

पुढे त्याच गावच्या वेधशाळेचे प्रमुख फ्रीडरिश बेसेल यांच्या वाचनात किनब्रूक यांची हकीकत आली. इतके दिवस ताकीद मिळूनही माणूस सुधारत नाही, तेव्हा हा हलगर्जीपणा नसावा, अशी शंका त्यांना आली. त्यांनी स्वतःचेच वेध दुसऱ्या एका निष्णात निरीक्षकाच्या वेधांशी ताडून पाहिले. १८२०-२१ च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. फरक निघाला एक सेकंदाहून जास्त! दोघेही तरबेज, दोघेही काळजी घेणारे. म्हणजे पाहणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा एक कल असतो, आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. खगोलशास्त्रात त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. ग्रीनिचला जो दोष ठरला होता, तो इथे मोजण्याजोगी वस्तुस्थिती झाला.

पण हा फरक येतो कुठून? त्या काळचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांना वाटे की, मज्जातंतूतून संदेश इतक्या झपाट्याने जातो की त्याचा वेग मोजणे माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ कोनिग्सबर्गला प्राध्यापक होते. त्यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूला आधी स्नायूजवळ आणि मग दूरवर विजेचा धक्का दिला व स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक काढला. वेग निघाला सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. जाणीव आणि कृती यांच्यामध्ये वेळ जातो, हे आता आकड्यात आले.

हॉलंडमधल्या उट्रेख्टचे फ्रान्सिस्कस डोंडर्स एक पाऊल पुढे गेले. ठरलेल्या एकाच खुणेला उत्तर द्यायला लागणारा वेळ आणि दोन खुणांपैकी कोणती हे ओळखून उत्तर द्यायला लागणारा वेळ त्यांनी मोजला. दुसऱ्यातून पहिला वजा केला. उरला तो ओळखण्याचा आणि निवडीचा वेळ. १८६८ मधली ही साधी वजाबाकी म्हणजे कांट यांच्या आक्षेपाला मिळालेले एक ठोस उत्तर होते.

विल्हेल्म वुंट हे हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ यांचे सहायक होते. खगोलज्ञांच्या त्या जुन्या कोड्याने त्यांनाही पछाडले. १८६१ च्या सुमारास त्यांनी लंबकाच्या घड्याळाला घंटी जोडली. घंटी ऐकू आली त्या क्षणी लंबक जिथे होता असे त्यांना दिसले, तिथे तो प्रत्यक्षात नसे. मन दोन गोष्टींकडे एकाच क्षणी लक्ष देत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७९ मध्ये लायप्झिगला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ दाखवणारी यंत्रे तिथे चालू लागली. तरीही भाषा, चालीरीती आणि पुराणकथा प्रयोगशाळेच्या कवेत येणार नाहीत, असे ते सांगत राहिले आणि त्यांचा वेगळा अभ्यास करीत राहिले. आपल्या साधनाची मर्यादा ओळखणे हाही या शास्त्राच्या पायाभरणीचाच भाग होता.

वुंट यांना सर्वांच्या मनाचे समान नियम हवे होते. त्यांचे अमेरिकन शिष्य जेम्स मॅकीन कॅटेल यांना माणसामाणसांतला फरक खुणावत होता. १८९० मध्ये त्यांनी ‘मानसिक चाचणी’ हा शब्द रूढ केला. पुढच्या काळात अशा चाचण्यांचा उपयोग माणसांना हुशार आणि मंद अशा रांगांत उभे करण्यासाठीही झाला. बेसेल यांनी ज्या फरकावरचा दोषाचा शिक्का पुसला होता, तो पुन्हा उमटला.

आपल्याकडे मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी आजही प्रतिक्रियाकाळ मोजतात. दिवा लागला की कळ दाबायची आणि आकडा जर्नलात उतरवायचा. मला वाटते, त्या आकड्याशेजारी किनब्रूक यांचे नावही शिकवले जावे. मास्केलिन यांनी फक्त मदतनिसाची नोंद तपासली. बेसेल यांनी स्वतःचीही तपासली. मनाचे विज्ञान या दुसऱ्या कृतीतून उगवले. म्हणून वर्गातल्या किंवा घरातल्या कुणाला ‘मंद’ म्हणण्याआधी, मोजणाऱ्याने एकदा आपले घड्याळ आणि आपला डोळाही तपासून पाहावा.