जर्नलातली भेसळ

जर्नलं बंद करा आणि इकडे बघा. अख्ख्या बॅचची फॅट 4.2? दूध एकाच कॅनमधलं, मान्य. पण ब्युटायरोमीटर वेगळे, हात वेगळे, तरी दशांशसुद्धा हलत नाही? मागच्या बाकावरच्यांनी तर सेंट्रिफ्यूज फिरत असतानाच आकडा लिहून टाकला. काय रे, फिरत्या नळीतली फॅट दिसली का तुम्हाला?

10 मिली ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, सगळं तोंडपाठ. मग 65 अंशांच्या पाण्यात नळी धरून वाचायलाच कसला आळस?

‘सर, मार्कांपुरतंच तर आहे,’ म्हणे! उद्या तुमच्यातलेच काही सरकारी प्रयोगशाळेत बसणार आहेत. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा नुसता घोकलात का? अधिकारी नमुना घेतो, चार भाग करून सील करतो, त्यातला एक विश्लेषकाकडे जातो आणि 14 दिवसांत अहवाल द्यावा लागतो. कमी दर्जाच्या मालाला 5 लाखांपर्यंत दंड, फसव्या लेबलाला 3 लाखांपर्यंत. हे सारं टेबलावरच्या रीडिंगवर उभं असतं. ते मनाने ठोकलंत, तर भेसळवाला अपील करतो, नमुना रेफरल लॅबकडे जातो, तिचा निकाल अंतिम ठरतो आणि तो मिशीला पीळ देत सुटतो. नाहीतर चोख दूध घालणाऱ्याच्या माथी फुकटचा दंड बसतो.

वनस्पती तेलाच्या लाद्या ‘पनीर’ म्हणून खपवतात, सरकार झोपलंय का, असं कँटीनमध्ये तावातावाने बोलता. ते पकडणार कोण? गर्बर पद्धत फॅट किती ते सांगते. दुधाची की पामतेलाची, ते सांगत नाही. त्यासाठी फॅट काढून बीआर रीडिंग घ्या, आरएम व्हॅल्यू काढा. साध्या नळीपुढे ज्यांचा धीर सुटतो, ते तिथे काय दिवे लावणार?

जर्नलं इथेच राहतील. उद्या प्रत्येकाने स्वतःचा नमुना स्वतः लावायचा, दोनदा. दोन रीडिंग जुळली नाहीत, तर तसंच लिहा. मी सही करीन. जुळवून आणलीत, तर परीक्षेला बसू देणार नाही.