जसा आला तसा

‘जसा आला तसा पुढे पाठवत आहे.’ मोबाईलवर येणाऱ्या कितीतरी संदेशांच्या खाली हे वाक्य असते. एवढे लिहिले की आपली जबाबदारी संपली, असे आपल्याला वाटते. मजकूर दुसऱ्याचा, आपण फक्त निरोपे. पण हे खरे आहे का?

१ जुलै २०१८. रविवारच होता. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. एप्रिल २०२० मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. तेव्हाही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या.

असे संदेश पुढे पाठवणारे सगळेच दुष्ट असतात, असे आम्हाला वाटत नाही. कुणी आई असते, कुणी आजोबा. ‘खरे निघाले तर? सावध केलेले बरे,’ असा त्यांचा साधा विचार असतो. परंतु या सावधगिरीसाठी आपल्याला काहीच मोजावे लागत नाही. मोजावे लागते ते कुठल्यातरी परक्या माणसाला, ज्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नाही.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यात, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ठीक आहे. पण प्रत्येकाने पाच जणांना पाठवले तरी चौथ्या फेरीत तो सहाशे पंचवीस जणांकडे पोहोचतो!

आठवी आज्ञा लहानपणी आपण पाठ केली ती खोट्या साक्षीविषयी. ख्रिस्तसभेची शिकवण तेवढ्यावर थांबत नाही. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणे, हेही ती पाप मानते. आणि दोष अगदी खरा असला तरी सबळ कारणाशिवाय तो इतरांना सांगणे, हेही. इथे आपण बहुतेक सगळेच अडकतो. ‘खोटे कुठे आहे? फोटोच आहे ना!’ असे म्हणत कुणाच्या मुलीचा, कुणाच्या दारुड्या मुलाचा फोटो घरोघरी पोहोचतो. मिस्सा सुटून आपण आवाराबाहेर पडेपर्यंत तो आलेलाही असतो.

ज्याचे नाव खराब केले त्याची भरपाई करणे, हेही त्याच शिकवणुकीत येते. पूर्वी विहिरीवर केलेली चुगली निस्तरायला चार घरांचे उंबरे झिजवावे लागत. कठीण होते, पण घरे ठाऊक होती. आज संदेश पुसता येतो. मात्र तोवर तो आपल्या ओळखीपलीकडे गेलेला असतो. ज्या ग्रुपवर पाठवला, त्याच ग्रुपवर ‘मी पाठवले ते खोटे होते’ एवढे लिहिणे तरी आपल्या हाती आहे. असा संदेश आपल्यापैकी किती जणांना आजवर आला आहे?