आरशाआधीचं तोंड

आजचं वाचन चांगदेव पासष्टीचं.

मायना काय लिहावा हेच सुचेना म्हणून चांगदेवांनी कोरा कागद पाठवला, आणि ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांत उत्तर दिलं, ही कथा माहितीच आहे. त्यात आरशाचा दृष्टांत येतो. आरशात पाहिलं की पाहणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा असं भासतं. पण आरसा बाजूला ठेवला म्हणून तोंड कुठे जात नाही.

फोनचंच बघा ना. फ्रंट कॅमेऱ्यात आपण आरशासारखे दिसतो, पण बऱ्याच फोनमध्ये सेव्ह झालेला फोटो सुलट येतो. मग वाटतं, 'छे, हा मी नव्हेच!' आता हे म्हणणारा कोण? तो दोन्ही फोटोंत नाही.

अतुल दोडिया यांचं १९९४ चं आत्मचित्र आहे, 'द बॉम्बे बुकेनियर'. 'बाजीगर'च्या पोस्टरवर बेतलेलं. पोस्टरवर शाहरुखच्या गॉगलमध्ये नायिका दिसतात. इथे दोडियांच्या गॉगलमध्ये डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खख्खर, दोघे चित्रकार. मी ते असं वाचतो: स्वतःच्या चित्रात, जिथे स्वतःचे डोळे हवेत, नेमकी तीच जागा त्यांनी दुसऱ्यांना दिली. आपल्याकडे गुरूला देतात तशी.

मग 'मी' सोडायला निघालेल्याने स्वतःचं चित्र काढणं, सेल्फी घेणं, हा अहंकार का? सरसकट 'हो' मला पटत नाही. रेम्ब्रांटने तरुणपणापासून १६६९ मध्ये जाईपर्यंत स्वतःला रंगवलं, चाळीसेक तैलचित्रं. शेवटच्या चित्रांत फुगीर नाक, सैल पडलेली कातडी, सगळं तसंच ठेवलंय. एवढं निर्दयपणे स्वतःकडे बघायला अहंकार उपयोगी पडत नसावा. सेल्फीत आपण बहुतेक वेळा स्वतःला बघतच नाही, लोकांना कसे दिसू ते तपासतो. (आमच्या भाषेत, युजर टेस्टिंग.)

संध्याकाळी रंकाळ्यावर जा. निम्मी गर्दी तळ्याकडे पाठ करून उभी असते. याच रंकाळ्याला तोंड करून आबालाल रहमान जलरंगात काम करायचे. त्या निसर्गचित्रांत त्यांचा चेहरा नाही. तरी पाण्यावरचा उजेड बघताना कळतं, इथे कुणीतरी खूप वेळ, गप्प बसून बघत होतं.

पुढच्या ओव्या उद्या.