आपल्या हाताने

हिंगणीहून सेलूला कापूस नेणारी पिकअप आपण रोज पळवतो. तिच्या इंजिनात काय चाललंय, ते क्वचितच पाहतो. एकदा ऑइल आपल्या हाताने बदला. गाडी सपाट जागी, इंजिन कोमट. इंजिनाखालचा नट सुटला, की काळी धार ट्रेमध्ये पडते. त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचे बारीक कणही असतात. आपल्या हाताने केलं, की ही झीज कळते. कुणी म्हणेल, मग मिस्त्रीच्या पोटाचं काय? मोठी कामं त्याचीच राहतील. उलट त्याच्या कष्टाची किंमत आपल्याला उमगेल. आपल्या जवळच्या सेवाग्राम आश्रमात सफाईसुद्धा आश्रमवासी आपल्या हाताने करत, ती श्रमाचा मान राखण्यासाठीच. आणि हो, जुनं ऑइल नाल्यात ओतू नका. नाल्याचं पाणी आपल्याच बोर नदीत जातं. डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजवर द्या.