धर्माची गाय

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरणाऱ्या बहुतेक वस्तूंचा निकाल पटकन लागतो. चिरलेली बरणी, फाटकी रजई, चार वर्षांची जुनी मासिकं, कुणाचं फारसं अडत नाही. अडतं ते खेळण्यांच्या पोत्यापाशी. रंगाचे पोपडे सुटलेली आगगाडी, एक डोळा लोंबणारं अस्वल, बटण दाबलं की रडक्या सुरात गाणारा मोबाइल, जत्रेत घेतलेली आणि अजूनही उग्र वास मारणारी पिवळी बदकं, चुंबकाचे मणी. घरातल्या मुलांना आता मिशा फुटू लागल्यात. मग कुणीतरी म्हणतं, "टाकायचं कशाला? कामाच्या मावशींच्या नातवाला होतील." माळा मोकळा होतो, टाकल्याचं पाप लागत नाही, आणि थोडं पुण्यही पदरात पडतं.

पण हेच पोतं धाकट्या बहिणीच्या रांगत्या बाळासाठी पाठवायचं ठरलं असतं, तर? आपण जमिनीवर फतकल मारून बसलो असतो आणि एकेक खेळणं हातात घेऊन पारखलं असतं. हे नको, रंग निघतोय. हे नको, बटण गिळेल. असा निवडून बाजूला सारलेला ढीग शेवटी जातो कुठे, हे कुठल्याही घरात विचारून पाहावं. तो मावशींकडे जातो, नाहीतर सोसायटीने बालवाडीसाठी ठेवलेल्या खोक्यात.

यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आपल्या पिढीला वस्तू टाकवत नाही, आणि ती सवय चांगलीच आहे. अडचण एवढीच, की खेळण्यातला धोका आपण दिल्याने संपत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. आणि नव्या पत्त्यावरच्या माणसाला "नको" म्हणायची सोय नसते. ज्या घरी रोज काम करायचं, त्या घरच्या वहिनींनी हौसेने पुढे केलेली पिशवी कोण परत करील? 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं आपल्याकडे घेणाऱ्याला सुनावतात. फुकट मिळालेल्या गाईचे दात त्याने मोजायचे नाहीत, हे एकदा ठरलं की ते मोजायची जबाबदारी देणाऱ्यावर येते, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

कठोपनिषदात तो मांडलेला आहे. नचिकेताची गोष्ट आपण बहुधा यमाच्या तीन वरांपासून सांगतो. तिची सुरुवात गाईंपासून होते. बाप यज्ञात सर्वस्व दान करायला निघालेला, आणि दक्षिणेच्या गाई कशा, तर ज्यांचं पाणी पिऊन, चारा खाऊन, दूध देऊन सगळं झालेलं. हे खटकलं ते तिथे जमलेल्या एकाही जाणत्याला नाही, पोराला खटकलं. त्याने बापाला विचारलं, मग मला कुणाला देणार? बाप चिडला. दान देणाऱ्याला दानाबद्दल प्रश्न विचारला की राग येतो, ही गोष्टही तितकीच जुनी दिसते.

भाकड गाय निदान डोळ्यांना दिसते. खेळण्याचं तसं नाही. रंगातलं शिसं वासाला लागत नाही, घरी खात्रीने तपासताही येत नाही. बाळ आगगाडी चोखतं, पोपडे पोटात जातात, आणि त्याच वेळी काहीच घडत नाही. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीच पातळी मुलांसाठी सुरक्षित मानत नाही. त्याचा परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर, आणि कळला तर पुढे शाळेत कळतो. त्या वेळी "पोराचं अभ्यासात लक्ष नाही" म्हणतात, आगगाडीची आठवण कुणाला होत नाही. आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचं शरीर शिसं अधिक शोषून घेतं. म्हणजे तीच आगगाडी आपल्या भाच्यापेक्षा कुपोषित मुलाला जास्त बाधते. "त्यांच्या पोरांना काही होत नाही, ती काटक असतात" हे वाक्य म्हणूनच नुसतं असभ्य नाही, चुकीचंही आहे.

शिक्का बघावा, तर भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधी, २०१९ मध्ये, भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नापास झाले होते. आपल्या पोत्यातला बराचसा ऐवज त्याच काळातला. शिक्का नाही म्हणजे विष आहे असं नव्हे, हेही खरं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या लाकडी फळांवर शिक्का शोधत बसण्यात अर्थ नाही. आजीची पितळी भातुकली असेल तर ती काचेच्या कपाटात शोभते. पितळेतही शिसं असू शकतं, आणि बाळ काही कपाट चोखत नाही.

काही दोष उघड असतात, त्यांचा निर्णय सोपा. अस्वलाचा डोळा घट्ट शिवता येतो. बटण सेलचं झाकण स्क्रूने बसत नसेल तर ते खेळणं लहान मुलाच्या हाती द्यायचंच नाही. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. चुंबकाचे दोन मणी पोटात गेले, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटतं. सव्वा इंच रुंदीच्या नळीत जे पूर्ण मावतं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, असा तपासणीचा साधारण ठोकताळा आहे.

परत करावं म्हटलं तर कुणाला? २००७ मध्ये अमेरिकेत मॅटेलने शिशाच्या रंगामुळे आणि सुट्या चुंबकांमुळे लाखो खेळणी परत मागवली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा कडक झाला, आणि परत मागवलेली वस्तू विकणं गुन्हा ठरलं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही असुरक्षित माल परत मागवायला लावायचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे. पण यात्रेतल्या पालावरून घेतलेल्या बदकावर ना कंपनीचं नाव, ना गावाचं. त्या बदकापुरतं प्राधिकरण म्हणजे आपणच.

"त्या पोराला एरवी खेळणंच मिळणार नाही, त्याचं काय?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. किंचित धोका आणि भरपूर आनंद, असा सौदा आई आपल्या मुलासाठी स्वीकारू शकते. पण सौदा करायला माहिती लागते. "या गाडीच्या रंगाची मला शंका आहे, म्हणून मी बहिणीला दिली नाही" हे मावशींना तोंडावर सांगून मग पिशवी पुढे करता आली, तर खुशाल करावी. निदान मला तरी ते वाक्य उच्चारता येणार नाही. मग ती गाडी टाकायचीच.

टाकणंही निष्काळजीपणे करून चालत नाही. घंटागाडीपर्यंत पोचलेलं धडधाकट दिसणारं खेळणं कचरा वेचणारी बाई आपल्या मुलासाठी उचलून ठेवते, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. म्हणून शंकास्पद खेळणं मोडून टाकावं. सेल काढून, चिकटपट्टी लावून वेगळे द्यावेत. विजेवर चालणारी खेळणी आता ई-कचऱ्याच्या नियमांत मोडतात, ती संकलन केंद्रात जावीत. धडधाकट आगगाडीवर हातोडी उचलताना हात अडखळतो, कारण पैसे आपण मोजलेले असतात.

राहिली ती चांगली खेळणी. ठोकळे, बॅट, चित्रांची कोडी. ती मावशींना द्यावीत, धुऊन, पुसून, नवे सेल घालून. कोडं देण्याआधी जमिनीवर बसून एकदा लावून पाहावं. हत्तीच्या सोंडेचा तुकडा नसेलच, तर खोक्यावर ठळक अक्षरांत तसं लिहावं, आणि हवं की नको ते त्यांना ठरवू द्यावं.